अक्षरे जोडणारी लायब्ररी



शाळा सोडल्याचा दाखला तुम्ही पाहिला असेल. समजा, असे दाखले तयार करणारी एक आज्ञावली तुम्हांला संगणकावर लिहायची आहे. चौकटीत नाव, जन्मतारीख, इयत्ता भरायची, बटण दाबायचे, की दाखला पीडीएफ स्वरूपात तयार! पीडीएफच का? कारण अशी फाइल कोणत्याही संगणकावर उघडली तरी तिची मांडणी बदलत नाही. अडोबी कंपनीने हे स्वरूप १९९३ साली आणले. २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले.

परंतु पीडीएफ फाइल आपण स्वतः रचणे फार किचकट आहे. फाइलचा प्रत्येक भाग सुरुवातीपासून किती बाइट अंतरावर आहे, याचे कोष्टक शेवटी द्यावे लागते. एका बाइटची चूक झाली तरी कोष्टक चुकते. पानाचे मोजमापही निराळे. एका इंचाचे ७२ भाग करतात आणि मोजणी पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून सुरू होते. उर्दू लिहिताना आपण उजव्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करतो. म्हणजे अगदी समोरचे टोक!

हे काम दुसऱ्यांनी आधीच करून ठेवलेले आहे. अशा तयार आज्ञावल्यांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. कुतुबखान्यातले पुस्तक आपण लिहीत नाही, फक्त वापरतो. तसेच हे.

तुमचा प्रकल्प व्हिज्युअल स्टुडिओमध्ये सी शार्प भाषेत असेल, तर लायब्ररी जोडणे दोन मिनिटांचे काम आहे. प्रकल्पाच्या नावावर माउसचे उजवे बटण दाबा. 'मॅनेज नुगेट पॅकेजेस' निवडा. लायब्ररीचे नाव शोधा आणि 'इन्स्टॉल' म्हणा. प्रकल्पाच्या फाइलमध्ये लायब्ररीचे नाव व आवृत्ती यांची एक ओळ वाढते. आज्ञावली बांधली की लायब्ररीच्या डीएलएल फाइली तिच्या शेजारी येऊन बसतात. म्हणून कार्यालयातील संगणकावर नेताना एकटी ईएक्सई फाइल नेऊ नका, सगळा फोल्डर न्या. नाहीतर बटण दाबताच आज्ञावली बंद पडेल.

इथवर सोपे आहे. खरी अडचण पुढे येते. आज्ञावलीच्या चौकटीत 'अहमद' हे नाव उर्दूत अगदी नीट दिसते, आणि पीडीएफमध्ये ते तुटून जाते. असे का व्हावे? 'अहमद' लिहिताना अलिफ सुटा राहतो. बडी हे, मीम आणि दाल हातात हात घालतात. संगणकाच्या स्मृतीत मात्र चारही अक्षरे सुटी सुटीच साठवलेली असतात. पडद्यावर ती जोडण्याचे काम विंडोज मुकाट्याने करते, त्यामुळे आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पीडीएफ लिहिताना ते काम लायब्ररीला करावे लागते. ज्या लायब्ररीला ते येत नाही, ती सुटी अक्षरे डावीकडून उजवीकडे मांडत जाते. अलिफ डाव्या टोकाला, दाल उजव्या टोकाला!

मराठीचीही सुटका नाही. 'विद्यार्थी' या शब्दात पहिली वेलांटी 'व'च्या नंतर साठवलेली असते, पण दिसायला हवी आधी. जोडणी झाली नाही तर ती भलतीकडे जाते, 'द्या'चे जोडाक्षर फुटते आणि 'थ'वरचा रफार खाली येऊन पाय मोडलेला 'र्' होतो. ज्याचे नाव आहे त्याला असा दाखला पाहून काय वाटेल?

अक्षरे जोडण्याचे हे काम करणारी एक प्रसिद्ध लायब्ररी आहे. तिचे नाव हर्फबझ. इराणमध्ये जन्मलेले बेहदाद इस्फहबोद हे तिचे प्रमुख निर्माते. 'हर्फ' म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नकोच. आणि फारसीत 'बाझ' म्हणजे उघडे. 'ओपनटाइप' या फॉन्टच्या प्रकाराचे हे गमतीचे फारसी नाव आहे.

म्हणून पीडीएफची लायब्ररी निवडताना ती अक्षरे जोडते का, हे आधी पाहा. क्वेस्टपीडीएफ या कामी हर्फबझची मदत घेते. आयटेक्स्टमध्ये उर्दू किंवा देवनागरीसाठी पीडीएफ-कॅलिग्राफ नावाची वेगळी जोड घ्यावी लागते. परवानाही वाचा. क्वेस्टपीडीएफ व्यक्तींना आणि लहान संस्थांना विनामूल्य मिते, पण कोणत्या परवान्याखाली वापरता, ते आज्ञावलीत लिहावे लागते. आयटेक्स्ट विनामूल्य वापरून तुमची आज्ञावली इतरांना दिली, तर तिचा मूळ मजकूरही खुला करावा लागतो.

आणखी एक गोष्ट, फॉन्टची. रोमन अक्षरांच्या फॉन्टमध्ये उर्दू आणि देवनागरी अक्षरे सहसा नसतात. मग नावाच्या जागी रिकाम्या चौकटी उमटतात. नोटो नस्तालीक उर्दू आणि नोटो सान्स देवनागरी हे फॉन्ट विनामूल्य आहेत. ते पीडीएफच्या आतच साठवता येतात.

आता चाचणी घ्या. 'अबक' असे सोपे शब्द घेऊ नका. आपल्या वर्गाचा हजेरीपट घ्या, सगळी नावे दोन्ही लिप्यांत छापा आणि ज्याचे नाव त्यालाच वाचायला द्या.