शेडमधली पद्मिनी : भाव नेमका कशाचा द्यायचा?

प्रश्न : आमच्या परिचयाचे एक गृहस्थ तारापूर अणुऊर्जा केंद्रातून निवृत्त झाले होते. चार वर्षांपूर्वी ते वारले. चिंचणीत त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये त्यांची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. मुलगा पुण्याला असतो, तो चार लाख मागतो. म्हणतो, ''७२ सालची आहे, व्हिंटेज. भाव वाढतच जाणार.'' आरसीची मुदत अडीच वर्षांपूर्वी संपली आहे. पण ''बाबांनी ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या करून ठेवल्यात, तुम्हाला काही त्रास नाही,'' असे तो सांगतो. रंग नवाकोरा दिसतो. बोईसरच्या आमच्या मेकॅनिकने मात्र खालून पाहून पत्र्याचे काम दीड लाखाचे सांगितले. रविवारी घरच्यांना घेऊन केळव्याला, डहाणूला जावे एवढीच माझी हौस आहे. घ्यावी का? – एक वाचक, बोईसर

उत्तर : मुलगा खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. वडिलांची गाडी विकताना माणूस आठवणींचेही पैसे लावतो. पण ७२ साली 'पद्मिनी' नव्हतीच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून ही गाडी १९६४पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघायची, मग काही काळ 'प्रीमियर प्रेसिडेंट' म्हणून, आणि पद्मिनी हे नाव मिळाले १९७४मध्ये. म्हणजे एकतर ७२ हा आकडा घरात तोंडोतोंडी चालत आलेला आहे, नाहीतर जुन्या डिलाइटला नंतर केव्हातरी पद्मिनीची जाळी आणि नावाची पट्टी बसवली आहे. पहिली शक्यता असेल तर बिघडत नाही. दुसरी असेल तर 'मूळ रूपात' या शब्दांनाच धक्का लागतो, आणि त्या शब्दांवर पुढचे बरेच अवलंबून आहे.

म्हणून पहिल्या भेटीत बॉनेट उघडण्याआधी आरसी मागा. त्यावरचे उत्पादनाचे वर्ष, पहिल्या नोंदणीची तारीख, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर उतरवून घ्या. मग गाडीवरचे नंबर स्वतः वाचा. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा आणि ठसा घ्या. इंजिन बदललेले असणे हा गुन्हा नाही, पण त्याची नोंद आरसीवर हवी. नंबर १९८९पूर्वीचा तीन अक्षरी असेल तर गाडी 'वाहन' पोर्टलवर दिसते का, तेही पाहा. कित्येक जुन्या गाड्यांची नोंद अजून आरटीओच्या रजिस्टरातच आहे. ती संगणकावर चढवून घेतल्याशिवाय पुढचे एकही काम हलत नाही, आणि ती खेप विक्रेत्याने घालायची, तुम्ही नव्हे. गाडी मुंबईची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसीही लागेल.

आता त्या सह्या. वारलेल्या माणसाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३० घेऊन आरटीओत जाऊ नका. मालक वारला की गाडी वारसांची होते. वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे आणि मृत्यूपासून तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा नियम आहे. इथे चार वर्षे गेली. आधी मुलाच्या नावावर, मग तुमच्या, असाच क्रम लागेल. आई, बहीण असे आणखी वारस असतील तर त्यांची संमती प्रतिज्ञापत्रावर घ्या. सोपी वाट म्हणून जुन्या सह्या चालवल्यात तर उद्या बहिणीने हरकत घेतली की तुम्ही पैसे दिलेत, पण गाडी तुमची नाही, अशी अवस्था होईल.

'व्हिंटेज' हा शब्द विक्रेत्याने वापरायचा नसतो, तो नियमात बसवून घ्यावा लागतो. केंद्राने जुलै २०२१मध्ये त्याचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ रूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात येते. तशा नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या वेळी ५,००० रुपये. आधीची नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ऐकायला छान वाटते. पण अशी गाडी रोज रस्त्यावर काढायची परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेणे, एवढ्यापुरतीच ती बाहेर निघते. केळव्याला भुजिंग खायला जाणे यात कुठेच बसत नाही! तुमची हौस पाहता गाडी ५० वर्षांची निघाली तरी साधीच नोंदणी ठेवा, आणि 'व्हिंटेज' म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये बंद झाली, तेव्हापासून ज्याच्या त्याच्या शेडमध्ये वारसा उभा आहे.

पत्र्याबद्दल तुमचा मेकॅनिक बरोबर दिशेने पाहतो आहे. जीपला वेगळी चेसिस असते, पत्रा सडला तरी सांगाडा उरतो. पद्मिनीला तशी वेगळी चेसिस नाही. फ्लोअर, दाराखालचे उंबरे, चाकांच्या वरच्या कमानी हाच तिचा सांगाडा. चिंचणीला समुद्र हाकेवर, त्यात चार पावसाळे गाडी एका जागी उभी. खारी हवा आत शिरते आणि गंज आतून बाहेर येतो, त्यामुळे वरचा नवा रंग मला दिलासा देत नाही, उलट संशय वाढवतो. फ्रिजवर लावायचा चुंबक रुमालात गुंडाळून दारांच्या खालच्या कडेने फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. गालिचा उचलून फ्लोअरवर अंगठ्याने दाबा. जॅक लावून बघा. जॅकखाली पत्रा चुरचुरला तर तिथेच थांबा. डिकीच्या कोपऱ्यात आणि दारांच्या रबराखाली काळा-पिवळा रंग दिसला तर गाडी कधीकाळी टॅक्सी होती, मग मीटरवरचे किलोमीटर विसरून जा.

इंजिनाची मला इतकी धास्ती नाही. १०८९ सीसीचे साधे पेट्रोल इंजिन आहे, ते उघडून नीट करणारे हात अजून मिळतात. निळा धूर आला, ऑइल खात असेल, तर हाफ इंजिनचे काम धरा. चार वर्षे टाकीत राहिलेले पेट्रोल काढून टाका. आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बनलेले नव्हते, ते बदलायचेच असे समजून चाला.

मुदत संपलेली असताना ट्रायलसाठी गाडी रस्त्यावर काढू नका. मुलाशी लेखी इसार करा, रक्कम अगदी बेताची ठेवा, आणि त्यात अट घाला की आधी वारसनोंद आणि नूतनीकरण, मग ट्रायल, मग उरलेले पैसे. ट्रायल मात्र सपाट रस्त्यावर नको. विमा काढून पालघर-मनोर रस्त्याने वाघोबा खिंड चढवा. घरचे चौघे बसलेले असताना ती दुसऱ्या गिअरमध्ये न तापता वर गेली, उतरताना ब्रेक एका बाजूला ओढले नाहीत आणि स्टिअरिंगवरचा गिअर निसटला नाही, तर गाडीत जीव आहे. चारही चाकांना ड्रमब्रेक आहेत हे उतारावर लक्षात ठेवा.

आता आकडे. वीस वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झाले. उशिराबद्दल महिन्याला ५०० रुपये, म्हणजे ३० महिन्यांचे १५,०००. झाले २५,०००. वर राज्याचा पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, विमा. एकूण ३५,००० धरा. जुन्या गाडीच्या भावाचे छापील कोष्टक कुठे नाही. जाहिरातीतले आकडे म्हणजे मागणी, ती भाव नव्हे. कागद पुरे असलेली, चालती पद्मिनी प्रत्यक्षात केवढ्याला गेली, असे दोन-तीन व्यवहार ओळखीतून काढा. समजा ती रक्कम साडेतीन लाख निघाली. त्यातून पत्र्याचे दीड लाख, कागदांचे ३५,०००, आणि पत्रा उघडल्यावर हमखास निघणाऱ्या कामाचे किमान ४०,००० वजा करा. उरले सव्वा लाख. मी असतो तर तिथेच थांबलो असतो. मुलगा दोन लाखांवर अडला तर हात जोडून घरी या. पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

प्रश्न : वडिलांची १९८६ची पद्मिनी दीड वर्षापूर्वी विकली. त्यावर आयकर लागतो का? घेणाऱ्याने अजून नाव बदललेले नाही आणि ई-चलान मला येतात. – एक वाचक, पालघर

उत्तर : घरच्या वापराची मोटार आयकरात वैयक्तिक वापराची वस्तू मानतात, त्यामुळे नफा झाला तरी भांडवली नफ्याचा कर नाही. धंद्याच्या हिशेबात दाखवून तिच्यावर घसारा घेतला असेल तर गोष्ट वेगळी.

चलानांपेक्षा मोठी काळजी दुसरी आहे. रजिस्टरवर ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक. गाडी पुढे अनेक हातांत गेलेली असतानाही अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकावरच येते, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये एका प्रकरणात स्पष्ट केले. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ते केले नसेल तर विक्रीची पावती आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख जोडून आजच लेखी कळवा, पोच घ्या, आणि घेणाऱ्याला सोबत घेऊनच आरटीओत जा. पावतीच्या आधारे चलानांवर पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू आहे का ते आज रात्रीच पाहा. संपला असेल तर नाव बदलेपर्यंतचा हप्ता स्वतःच्या खिशातून भरा, मग त्याच्याशी भांडा.