केस लावले, हप्ता सुरू झाला: आता घराचा हिशेब कसा मांडायचा?

प्रश्न

आम्ही कोरेगाव भीमाला राहतो. मिस्टर सणसवाडीच्या एका कंपनीत आहेत, त्यांच्या हातात २६,००० येतात. मी घरी शिलाईकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको धरून महिन्याला सात हजारांच्या आसपास सुटतात. मिस्टरांचं वय ३६. चार-पाच वर्षांत पुढचे केस बरेच गेले. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी पुण्यात एका क्लिनिकमध्ये हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं. मला सांगितलं ते नाव नोंदवून आल्यावर. ‘एक लाखात काम होतं’ म्हणाले होते. प्रत्यक्षात १,१८,००० चं कर्ज झालं, १६ टक्के व्याजानं, २४ महिन्यांचं. हप्ता ५,७७८ रुपये. गाडीचा ३,२०० चा हप्ता आधीच चालू आहे. बारा दिवस ते घरी होते, त्यातले आठ बिनपगारी. औषधांना महिन्याला हजार जातात. मुलीच्या अकरावीसाठी भिशी उचलली होती, पहिले दोन हप्ते त्यातून भरले. एवढं करून लावलेले केस महिन्याभरात गळाले. आता क्लिनिकवाले पीआरपीचं पॅकेज घ्या म्हणतात. ऑपरेशनच आहे तर मेडिक्लेम का मिळत नाही, वर टॅक्स का? पैसे पाण्यात गेले का? आणि यातून घर कसं सावरू?

— एक वाचक भगिनी, कोरेगाव भीमा

उत्तर

ताई, तुमच्या पत्रात चार वेगवेगळे प्रश्न आहेत. सगळ्यात जास्त घोर ज्याचा लागला आहे, तो आधी घेऊ.

लावलेले केस गळाले, म्हणजे पैसे बुडाले का?

आज तरी तसं म्हणता येत नाही. ट्रान्सप्लांटनंतर दोन ते चार आठवड्यांत लावलेले केस गळतात, हे अपेक्षितच असतं. गळतो तो वरचा केस. त्याचं मूळ त्वचेखाली शाबूत असतं आणि काही काळ विश्रांती घेतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून बारीक, विरळ केस दिसू लागतात. खरा निकाल कळायला वर्षभर थांबावं लागतं. तुमच्याकडे आत्ता कुठे तिसरा महिना आहे. पू, दुखणं, सतत खपल्या असं काही असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.

या शस्त्रक्रियेत नवे केस तयार होत नाहीत, हे इथेच समजून घ्यायला हवं. शिरूर तालुक्यात कांद्याचं रोप वाफ्यातून काढून वावरात लावतात, तसंच हे काम आहे. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला दाद देत नाहीत. पुढे नेऊन लावले तरी त्यांचा तो गुण टिकतो. हे १९५०च्या दशकात न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइश यांनी दाखवून दिलं आणि आजची सगळी पद्धत त्यावरच उभी आहे. एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात. मागचा साठा मर्यादित आहे. तिथून काढलेलं मूळ तिथे पुन्हा उगवत नाही. हे शरीराचं गणित आहे, पण तुमच्या घरखर्चाच्या गणितातही ते पुढे येणार आहे.

ऑपरेशन असूनही टॅक्स का आणि विमा का नाही?

अपेंडिक्सच्या ऑपरेशनवर जीएसटी लागत नाही, कारण आरोग्यसेवा करमुक्त आहे. पण २०१७ साली जीएसटी आला तेव्हाच त्या सवलतीतून केशरोपण, सौंदर्यशस्त्रक्रिया आणि प्लास्टिक सर्जरी वगळल्या गेल्या. अपवाद एवढाच की जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यामुळे बिघडलेला भाग पूर्ववत करायचा असेल तर सूट मिळते. म्हणजे भाजल्यामुळे डोक्यावरची त्वचा गेली आणि तिथे केस लावले, तर टॅक्स नाही. आनुवंशिक टकलासाठी लावले, तर १८ टक्के. तुमच्या एक लाखाचे १,१८,००० झाले ते इथे.

आरोग्य विम्याचंही तसंच. केवळ दिसण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया विमा नियामकाच्या प्रमाणित वगळणुकींमध्येच बसते. त्यामुळे कुठल्या कंपनीची पॉलिसी आहे यानं फारसा फरक पडत नाही.

इथे एक सावधगिरी. काही ठिकाणी ‘बिल नको असेल तर टॅक्स वाचेल’ असं सुचवलं जातं. ते कधीही मान्य करू नका. उद्या काम बिघडलं तर ग्राहक आयोगात दाद मागायला पक्कं बिलच लागतं. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्येच स्पष्ट केलं आहे. तुमच्याकडे पक्कं बिल असेल तर ते जपून ठेवा. नसेल तर याच आठवड्यात मागून घ्या.

एक लाखाचे किती झाले?

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरूनच बघू. मूळ रक्कम १,००,०००. टॅक्स १८,०००. ५,७७८ चे २४ हप्ते म्हणजे १,३८,६७२, त्यात व्याज २०,६७२. आठ बिनपगारी दिवसांचे, महिन्याचे २६ दिवस धरून, ८,०००. औषधं पहिल्या वर्षाची १२,०००. बेरीज १,५८,६७२. बुडालेला ओव्हरटाइम आणि पुण्याच्या फेऱ्या यात धरलेल्या नाहीत.

क्लिनिक फक्त पहिला आकडा सांगतं. उरलेले अठ्ठावन्न हजार घराला नंतर कळतात. तुमच्या मिस्टरांनी खोटं सांगितलं असं मला वाटत नाही. त्यांनाही बहुधा तेवढाच आकडा माहीत असावा. कारखान्यात काम करणाऱ्याला पगाराची अडचण तर हमखास येते. नव्या केसांवर काही दिवस दाब, घाम आणि धूळ चालत नाही. शॉपफ्लोअरवर सेफ्टी हेल्मेट लागतं आणि नगर रस्त्यावर गाडी चालवायची तर तिथेही हेल्मेट हवंच. म्हणून रजा घ्यावीच लागते. ती पगारी आहे की बिनपगारी, हे आधीच धरायला हवं.

‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी दिसली तरी हुरळू नये. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं आहे. ते व्याज किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये मुरवलेलं असतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर बँकेनं किंवा फायनान्स कंपनीनं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यायचं असतं. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तुमच्या कर्जाचा तो कागद बहुतेक मिस्टरांच्या मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला असेल. तो काढा आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती आकार लागतो, तेवढी ओळ आधी वाचा.

खर्च इथेच थांबेल का?

स्पष्ट सांगते, पूर्ण थांबणार नाही. लावलेले केस टिकतात, पण आजूबाजूचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. ३६ व्या वर्षी टक्कल अजून पुढे सरकू शकतं. ते थोपवायला दोन औषधं प्रामुख्यानं वापरतात. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचं औषध, आणि फिनॅस्टेराइडला अमेरिकेत १९९७ मध्ये टकलासाठी मान्यता मिळाली. दोन्ही चालू असेपर्यंतच उपयोगी पडतात. फिनॅस्टेराइड डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावं, कारण काही पुरुषांना लैंगिक तक्रारी जाणवतात. दिवस राहण्याची शक्यता असलेल्या बाईनं त्याची फुटलेली गोळी हाताळू नये. हे तुम्हीही लक्षात ठेवा.

पैसे वाचवायला इथे जागा आहे. क्लिनिकचा स्वतःचा ‘किट’ घेण्यापेक्षा डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगा आणि जेनेरिक घ्या. शाम्पू, सीरम, केसांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या यातलं काय खरोखर गरजेचं आहे, ते एकेक करून विचारा.

पीआरपी म्हणजे स्वतःच्याच रक्तातला बिंबाणू असलेला भाग वेगळा करून डोक्यात टोचणं. त्याच्या फायद्याबद्दल अभ्यासांचं एकमत नाही. ट्रान्सप्लांट टिकण्यासाठी ते अनिवार्य नाही. मूळ पॅकेजमध्येच काही पीआरपी धरलेले असतात का, ते बिलावर तपासा. नसतील तर सध्या थांबा. वर्ष पूर्ण होण्याआधी दुसऱ्या सिटिंगचा विषय तर काढूच नका.

घर कसं सावरायचं?

दोघांची मिळून आवक ३३,०००. दोन्ही हप्ते मिळून ८,९७८, म्हणजे सत्तावीस टक्के. हाताशी शिल्लक नसलेल्या घरानं हप्ते चौथाईच्या आत ठेवावेत, असं माझं मत आहे. तुम्ही त्याच्या थोडं वर आहात. ओढाताण होईल, पण घर बुडेल अशी ही परिस्थिती नाही. हे मी तुम्हाला धीर देण्यासाठी म्हणत नाही, आकडेच तसे आहेत.

पहिलं काम भिशीचं. तिच्यातून गेलेले ११,५५६ रुपये मिस्टरांनी ओव्हरटाइममधून किंवा दिवाळीच्या बोनसमधून परत ठेवायचे. दुसरं, हा हप्ता त्यांच्याच पगाराच्या खात्यातून, पगार होताच कापला जाईल अशी तारीख बँकेकडे मागा. हप्ता चुकला तर दंड लागतो आणि सिबिल स्कोअर खाली येतो. पुढेमागे जागेसाठी किंवा घरासाठी कर्ज काढायचं म्हटलं की तो आडवा येतो. तिसरं, गाडीचा हप्ता संपला की ते ३,२०० खर्चात विरघळू देऊ नका. महिन्याचा खर्च भागेल एवढी शिल्लक आधी साठवा, मगच कर्ज लवकर फेडायचा विचार करा. चौथं, हे फिटेपर्यंत नवं कर्ज नाही. मोबाइल नाही, पीआरपी नाही, ‘फक्त ९९९ मध्ये’ म्हणणारं काहीच नाही.

तुमच्या शिलाईच्या पैशांबद्दल मी आग्रहानं सांगते. ते तुमच्या नावाच्या खात्यात जमा करा. त्यातून घरखर्च जरूर करा, पण केसांचा हप्ता भरू नका. तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली नसेल, तर हे कर्ज तुमच्याकडून वसूल करता येत नाही. पुढे कुणी सही मागितली तर कागद पूर्ण वाचल्याशिवाय करू नका.

मिस्टरांशी कसं बोलू?

टक्कल पडणं पुरुषाला किती लागतं, याचा घरच्यांना पुष्कळदा अंदाज नसतो. तिशीतल्या माणसाला लाइनवरची पोरं ‘काका’ म्हणू लागतात. लग्नाच्या फोटोत तो मागच्या रांगेत उभा राहतो, सेल्फीत टोपी काढत नाही. तो हे कुणाला सांगत नाही. एक दिवस मोबाइलवर जाहिरात दिसते, क्लिनिकमधला माणूस मार्करनं कपाळावर नवी रेघ काढून आरसा समोर धरतो, आणि सही होऊन जाते. त्यांचं दुःख खरं आहे. तुमची तक्रारही तितकीच खरी आहे. ‘केस का लावले’ हा वाद आता घालू नका. ‘मला आधी का नाही विचारलं’ हे मात्र शांतपणे, एकदाच, पण नक्की विचारा. त्यानंतर दोघांनी एक आकडा ठरवा, समजा पाच हजार. त्यावरचा कुठलाही खर्च, मग तो त्यांच्या केसांचा असो की तुमच्या नव्या शिलाई मशीनचा, दोघांच्या होकाराशिवाय करायचा नाही.

ज्यांनी अजून ठरवलेलं नाही, त्यांच्यासाठी

सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यातल्या तरुणांना मी कळकळीनं सांगते: आधी त्वचारोगतज्ज्ञाकडून केस जाण्याचं कारण समजून घ्या. चाई, थायरॉइड, रक्तातलं लोह कमी होणं, मोठं आजारपण यांनीही केस जातात आणि त्यावर ट्रान्सप्लांट हा इलाज नाही. २०२४ च्या अखेरीस आणि २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळतीनं हादरली. आयसीएमआरचं पथक तपासणीला आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातल्या जादा सेलेनियमकडे बोट दाखवलं. त्यातल्या अनेकांचे केस पुढे आपोआप परत आले.

दुसरं म्हणजे हत्यार कोणाच्या हातात असणार, ते विचारा. केशरोपण ही शस्त्रक्रिया आहे, यूट्यूबवर किंवा कार्यशाळेत बघून ती शिकता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट लावल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. स्वस्त दर आणि ‘एका दिवसात पूर्ण डोकं’ हे दोन्ही ऐकलं की तिथून उठून यावं. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तपासता येते. ग्राहक म्हणून तक्रार असेल तर १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

ताई, सुट्टीच्या दिवशी दोघांनी क्लिनिकचं बिल, कर्जाचा कागद आणि औषधांच्या पावत्या समोर घेऊन बसा. जमलं तर लेकीलाही बसवा. अकरावीत जाणाऱ्या मुलीला घराचा हिशेब कळायला हवा. तिच्या प्रवेशाचे पैसे आधी बाजूला काढा, मग हप्ता, मग औषधं. पीआरपी या यादीत सध्या नाही. ज्या घरात ही यादी सगळ्यांना माहीत असते, तिथे पुढचं कर्ज चोरून काढायची वेळ कुणावर येत नाही.