वहीखाते आणि वकील

१८९१ साली मोहनदास करमचंद गांधी विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतले. त्यांचा पहिला खटला मुंबईच्या लघुवाद न्यायालयात होता. काम सोपे होते. मेहनताना तीस रुपये. परंतु उलटतपासणीसाठी ते उभे राहिले आणि त्यांचे पाय लटपटू लागले, डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, घेतलेले पैसे त्यांनी परत केले आणि निकालाची वाट न पाहता ते तेथून निघून गेले. कायद्याचे ग्रंथ त्यांनी वाचले होते. वकिलाचे काम प्रत्यक्ष कसे चालते, हे त्यांस ठाऊक नव्हते.

१८९३ साली दादा अब्दुल्ला या व्यापाऱ्याच्या पेढीने त्यांना एका वर्षासाठी दक्षिण आफ्रिकेस बोलाविले. वाटेत झांझिबार येथे ते न्यायालयाचे काम पाहण्यास गेले. एक पारशी वकील साक्षीदाराला जमा-नावेच्या नोंदींविषयी प्रश्न विचारीत होते. गांधीजींना त्यातले काहीच उमगले नाही; आणि ज्या दाव्यासाठी ते निघाले होते, तो तर सगळा हिशेबाचाच! दावा होता चाळीस हजार पौंडांचा. तेव्हा त्यांनी जमाखर्चाचे एक पुस्तक विकत घेऊन अभ्यासले. कागदपत्रांत वारंवार येणारी ‘पी. नोट’ म्हणजे काय, हे त्यांना कोशात सापडले नाही. ती वचनचिठ्ठी होय, हे त्यांनी पेढीच्या कारकुनाला विचारून घेतले. बॅरिस्टराने कारकुनाला विचारावे, यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

दाव्याचे काम प्रिटोरिया येथे होते. तेथे अ‍ॅटर्नीने खटल्याची टिपणे तयार करावयाची आणि न्यायालयात बॅरिस्टराने बोलावयाचे, अशी पद्धत होती. गांधीजींकडे गुजराती पत्रव्यवहाराचे भाषांतर आणि हकीकतीची जुळणी हे काम आले. आपल्या लिखाणातील कोणता भाग अ‍ॅटर्नी स्वीकारतात व कोणता गाळतात, आणि त्यांच्या टिपणांतून बॅरिस्टर पुढे किती उपयोगात आणतात, हे ते बारकाईने पाहत. मोठ्या वकिलाच्या हाताखाली उमेदवाराने जे शिकावयाचे, ते त्यांना येथे मिळाले. मुंबईत गमावलेला धीरही परत आला.

हकीकत मुळापासून समजल्यामुळे त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. बाजू दादा अब्दुल्लांचीच बळकट होती. परंतु प्रतिपक्षी तय्यब शेठ हे त्यांचे नातलग, आणि खटला लांबला तर वकिलांच्या खर्चात दोघेही बुडतील. गांधीजींनी दोघांची समजूत घालून प्रकरण पंचाकडे नेले. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. सदतीस हजार पौंड आणि खर्च एकदम भरणे तय्यब शेठना अशक्य होते. त्यांच्या समाजात दिवाळे निघण्यापेक्षा मरण बरे मानीत. मोठ्या प्रयासाने गांधीजींनी दादा अब्दुल्लांना लांब मुदतीच्या हप्त्यांस राजी केले.

पुढे दुसऱ्या एका खटल्यात न्याय अशिलाच्या बाजूने, पण कायदा विरुद्ध, असा पेच पडला. गांधीजी लेनर्ड या नामांकित बॅरिस्टरांकडे गेले. लेनर्ड यांनी कायद्याचे पुस्तक उघडले नाही. हकीकत नीट सांभाळली की कायदा आपली सोय आपणच पाहतो, असे सांगून त्यांनी गांधीजींना कागद पुन्हा तपासावयास लावले. त्या फेरतपासणीत हकीकतीचे निराळेच रूप दिसले आणि तिला लागू पडणारा एक जुना निवाडाही सापडला. गांधीजी आनंदाने परत गेले. आता खटला आपण जिंकू, असे लेनर्ड म्हणाले. पण तो कोणत्या न्यायाधीशापुढे येतो, तेवढे लक्षात ठेवावयास हवे, हेही त्यांनी बजावले.