वहीतलं नाव कुणाला दाखवायचं?

पाचगणीत लॉज चालवायचा म्हणजे पाहुण्यांची वही आलीच. नाव, पत्ता, मोबाईल, गाडीचा नंबर, आलात कुठून, पुढे जाणार कुठे. मे महिन्यात तर एका संध्याकाळीच पान भरतं. पोलिसांना सहकार्य करायचं आणि पाहुण्याचा विश्वासही मोडायचा नाही, ही दोन्ही कामं सांभाळताना जे उमगलं ते मांडते.

१. नोंद चोख ठेवा.
२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईत १६६ जणांचा बळी गेला. पुण्यातल्या जर्मन बेकरीत फेब्रुवारी २०१० मध्ये स्फोट झाला, त्यात १७ जण गेले. त्यामुळे वही तपासायला आलेल्या पोलिसाचा मला राग येत नाही. इथल्या बोर्डिंग शाळांमुळे परदेशी पालक येत असतात. त्यांची माहिती २४ तासांच्या आत कळवायची, यात कधी टाळाटाळ करू नये.

२. माहितीचा ढीग म्हणजे सुरक्षा नव्हे.
२००८ च्या त्या हल्ल्यासाठी मुंबईची रेकी करणारा डेव्हिड हेडली लपूनछपून येत नव्हता. अमेरिकी पासपोर्टवर, व्हिसा घेऊन तो वारंवार आला. कागद होते, त्यांचा अर्थ वेळेत कुणी लावला नाही. म्हणून संशयितावर बारीक लक्ष ठेवा, हे मला पटतं. सरसकट सगळ्यांवर पाळत ठेवा, हे पटत नाही.

३. विचारणारा कोण, हे आधी विचारा.
एकदा साध्या कपड्यांतला एक माणूस काउंटरवर आला. मोबाईलमधला फोटो पुढे करून म्हणाला, “ही दोघं तुमच्याकडे उतरलीत का? वरून चौकशी आहे.” मी म्हटलं, “साहेब, बसा, चहा घ्या. ओळखपत्र दाखवा, ठाण्याचं पत्र असेल तर द्या, वही लगेच काढते.” त्याने फोन खिशात घातला आणि चहा न घेताच निघून गेला. फोटोतली मुलगी विशीतली होती. घरच्यांच्या मर्जीविरुद्ध लग्न केलेली जोडपी हिल स्टेशनला येतात, हे आम्हा लॉजवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. खोलीचा नंबर भलत्या माणसाला सांगितला तर कुणाचा जीवही जाऊ शकतो.

४. लागेल तेवढंच घ्या.
आधारची झेरॉक्स मागायची सर्रास सवय आहे. मास्क केलेल्या आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात; ओळख पटायला ते पुरतात. कॅमेरा फाटकावर आणि पार्किंगवर असावा. त्याचं तोंड खोल्यांच्या गॅलरीकडे नको.

५. फोनलाही हाच न्याय हवा.
फोन टॅपिंगचा आदेश गृहसचिवाच्या पातळीवरच निघावा, त्याला मुदत असावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात बजावलं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये विनीत कुमार या व्यावसायिकाच्या प्रकरणात टॅपिंगचे आदेश रद्द केले आणि ऐकलेलं सगळं नष्ट करायला सांगितलं. त्यांच्यावरचा लाचेचा आरोप गंभीर खरा, पण सार्वजनिक सुरक्षेला धोका असल्याचं तिथे दिसत नव्हतं.

६. परवानगी देणाऱ्यावरही कुणी हवं.
आज टॅपिंगचा आदेश काढतात अधिकारी आणि तो तपासणाऱ्या समितीतही अधिकारीच. न्यायाधीश कुठेच नाही. खासगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २०१७ मध्ये दिला. तरी २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा आहेच. १९७५ मध्ये अंतर्गत अशांततेचं कारण पुढे करून आणीबाणी लादली गेली. पाचगणीच्या एशिया प्लॅटो या केंद्राशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, त्या राजमोहन गांधींच्या ‘हिंमत’ साप्ताहिकालाही तेव्हा सेन्सॉरशी झुंजावं लागलं. देशाच्या नावाने घेतलेला अधिकार विरोधकांवर चालवायला वेळ लागत नाही.

म्हणून एक विनंती. पोलिसांना कायद्याने हवी ती माहिती जरूर द्या, पण मागणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कारण लिहून ठेवा. आणि मतं मागायला उमेदवार दारात आला की त्याला विचारा, फोन ऐकण्याआधी न्यायाधीशाची परवानगी सक्तीची करणारा कायदा तुम्ही आणणार का?