पाठ घरी, गृहपाठ शाळेत

[वर्गात समजलेले उदाहरण घरी सुटले नाही, तर कोणाला विचारावे? या अडचणीवर काही शिक्षकांनी शोधलेल्या उपायाची माहिती या पाठात दिली आहे.]

आपण शाळेत पाठ ऐकतो आणि घरी गृहपाठ करतो. वर्गात शिक्षक शिकवतात, तेव्हा सारे सोपे वाटते. संध्याकाळी वही उघडली, की पहिल्याच उदाहरणाशी आपण अडतो. त्या वेळी शिक्षक जवळ नसतात. ज्यांच्या घरी शिकलेले कोणी नसते, त्यांनी काय करावे?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात वुडलँड पार्क नावाचे गाव आहे. तेथील माध्यमिक शाळेत जोनाथन बर्गमन आणि अ‍ॅरन सॅम्स हे रसायनशास्त्र शिकवत. खेळांच्या सामन्यांसाठी मुलांना दूरच्या गावी जावे लागे. त्यामुळे त्यांचे पाठ बुडत. म्हणून २००७ साली या दोघांनी आपले पाठ व्हिडिओवर मुद्रित करण्यास सुरुवात केली. पुढे त्यांच्या लक्षात आले, की पाठ मुले घरीही ऐकू शकतात. शिक्षकाची खरी गरज लागते ती अडल्यावर. मग त्यांनी क्रमच उलटा केला. पाठ घरी आणि गृहपाठ शाळेत! ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते, त्यांना त्यांनी पाठांच्या डीव्हीडी दिल्या.

ही पद्धत लहान मुलांच्या वर्गातही वापरता येते. समजा, चौथीच्या मुलांना अपूर्णांक शिकायचे आहेत. बाई पाच-सहा मिनिटांचा व्हिडिओ तयार करतात. त्यात एका भाकरीचे चार सारखे भाग केलेले दिसतात. त्यांतील एक भाग म्हणजे पाव भाकरी. मुले हा पाठ घरी पाहतात. कोणी एकदा पाहतो, कोणी तीनदा. 'बाई, पुन्हा सांगा' असे म्हणायला वर्गात लाजणारी मुलगीही तो हवा तेथे थांबवते आणि पुन्हा ऐकते. शेवटी दोन प्रश्न असतात. त्यांची उत्तरे मुले वहीत लिहून आणतात.

दुसऱ्या दिवशी बाई वह्या पाहतात. एका मुलाने लिहिले आहे, 'चार हे तीनपेक्षा मोठे, म्हणून एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा.' बाई रागावत नाहीत. त्या त्याच्याजवळ बसतात व कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या देतात. एकीचे तो तीन सारखे भाग करतो, दुसरीचे चार. दोन्हींचे तुकडे शेजारी ठेवतो आणि स्वतःच म्हणतो, "बाई, भाग वाढले की तुकडा लहान होतो!" पाठ मुलांनी घरीच ऐकला होता, म्हणून बाईंना त्याच्याजवळ बसायला वेळ मिळाला.

पाठ घरापर्यंत नेण्याचे प्रयत्न महाराष्ट्रातही झाले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथे जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक होते. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइल त्या चौकोनासमोर धरला, की कविता ऐकू येत आणि पाठांचे व्हिडिओ दिसत. २०२० साली त्यांना 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून देण्याचे जाहीर केले.

मात्र एक गोष्ट विसरून चालणार नाही. प्रत्येक घरी मोबाइल नसतो. कोठे एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. अशा मुलांना शाळेतच, वर्ग सुरू होण्यापूर्वी, पाठ दाखवावा लागतो. नाहीतर आधीच मागे राहिलेले मूल आणखी मागे पडेल.

व्हिडिओ तोच पाठ शंभर वेळा न कंटाळता सांगेल. पण आपले कोठे चुकले, हे ओळखून जवळ बसणारा शिक्षक मुलांना हवाच.

शब्दार्थ
अडणे – पुढे जाता न येणे
मुद्रित करणे – नोंदवून ठेवणे
क्रम – एकामागून एक येण्याची रीत

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) वुडलँड पार्कच्या मुलांचे पाठ का बुडत?
(आ) डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना काय जोडले?
प्र. २. कारण लिहा.
बाईंना मुलाजवळ बसायला वेळ मिळाला, कारण...
प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सोपे, जवळ, लहान, उलटा
प्र. ४. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीचे तीन व दुसरीचे चार सारखे भाग करा. काय दिसले, ते चार वाक्यांत मराठीत लिहा.