एक दिवा की दोन?

अमावास्येच्या रात्री राजगडाच्या माचीवरून खाली पाहिले, तर वेल्हे आणि भोर भागांतील खोऱ्यांत गावोगावचे दिवे लुकलुकताना दिसतात. समजा, एका वाडीत आपण दहा दिवे मोजले आणि त्यांतील दोन इतरांच्या दुप्पट तेजस्वी भासले. सकाळी तेथे जाऊन पाहावे, तो त्या दोन्ही ठिकाणी शेजारी शेजारी लावलेले दोन-दोन साधेच दिवे! म्हणजे दिवे दहा नव्हेत, बारा. आणि दुप्पट तेजाचा तर एकही नाही. एखाद्या प्रखर दिव्याजवळची पणती तर आपल्या गणतीत आलीच नसेल.

ताऱ्यांची गणती करणाऱ्या ज्योतिर्विदांपुढे हीच अडचण उभी राहते. तेजस्वी तारे किती, मध्यम किती, मंद किती, अशी ते वर्गवारी करतात. तीवरून लहानमोठे तारे कोणत्या प्रमाणात जन्मास येतात, याचे अनुमान बांधता येते. परंतु सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना जोडीदार असतो. अशा जोडीला युग्मतारा म्हणतात. पुष्कळ युग्मतारे इतके दूर असतात, की दुर्बिणीतूनही ते एकच भासतात.

चैत्र-वैशाखात रात्री उत्तरेकडे पाहा. सप्तर्षींच्या शेपटीतील तीन ताऱ्यांपैकी मधला तो वसिष्ठ. विवाहप्रसंगी वधूवरांना दाखवितात ती मंद अरुंधती त्याच्याजवळच आहे. सतराव्या शतकात दुर्बिणीतून पाहता वसिष्ठ हे दोन तारे असल्याचे आढळले. १८८९ मध्ये एडवर्ड पिकरिंग यांनी त्यांतील एकाच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. त्यातील रेषा कधी एकेरी, तर कधी दुहेरी दिसे. कारण तेथे दोन तारे परस्परांभोवती फिरत होते. पुढे दुसराही तसाच निघाला. २००९ मध्ये अरुंधतीलाही मंद जोडीदार सापडला. डोळ्यांना दोन दिसणारे तारे वस्तुतः सहा ठरले!

अशा जोड्या ध्यानात न घेतल्यास तेजस्वी तारे वाजवीपेक्षा अधिक आणि मंद तारे कमी मोजले जातात. म्हणून ज्योतिर्विद प्रथम युग्मताऱ्यांचे प्रमाण शोधतात व मग आपली गणती सुधारून घेतात. केवळ मोजणे पुरेसे नाही. आपण जे मोजतो ते एकच आहे ना, हेही पारखावे लागते.

शब्दार्थ : ज्योतिर्विद – खगोलशास्त्रज्ञ, वर्णपट – प्रकाशातील रंगांचा पट्टा, वस्तुतः – खरे पाहता.

स्वाध्याय
१. वाडीतील दिव्यांची गणती कशी चुकली?
२. वसिष्ठ व अरुंधती मिळून सहा तारे कसे होतात, ते लिहा.