प्रस्तरारोहण आणि कुत्र्याची सोबत

मोहिमेच्या आदल्या आठवड्यात आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या फलकावर सामग्रीची यादी लागते. दोर, हार्नेस, कॅराबिनर, शिरस्त्राण, पाणी, प्रथमोपचाराची पेटी. त्या यादीत कुत्रा नसतो, तरी दर दोन मोहिमांआड तो आमच्याबरोबर असतोच. कधी एखादा सभासद घरचा आणतो. बहुतेक वेळा पायथ्याच्या गावातला आपणहून येतो. या सोबतीचा विचार हौसेपलीकडे जाऊन कोणी करत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

डोंगरावर कुत्रा नेण्याची परंपरा जुनी आहे. (रायगडावरचा वाघ्या खरा की दंतकथेतला, हा वाद इथे नको.) आल्प्स पर्वतात चिंगेल नावाची एक कुत्री होऊन गेली. ख्रिश्चन आल्मर या स्विस वाटाड्याने तिला १८६५ मध्ये पिलू असताना चिंगेल खिंडीतून आणले, त्यावरून तिचे नाव पडले. १८६८ मध्ये डब्ल्यू. ए. बी. कूलिज या अमेरिकन मुलाची आयगर शिखराची चढाई फसली, तेव्हा त्याची समजूत काढण्यासाठी आल्मरने ती त्याला देऊन टाकली. पुढे ती कूलिज व त्याच्या मावशीबरोबर अनेक शिखरे चढली आणि १८७५ मध्ये माँ ब्लांच्या माथ्यावर पोहोचली. गोष्ट गोड आहे. पण चिंगेल बर्फावरून आणि धारेवरून आपल्या पायांनी चालत होती. उभ्या कातळाची गोष्ट निराळी. तिथे कुत्रा चढत नाही, तो खाली थांबतो. आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

कातळाखाली दोर सांभाळणारा उभा असतो. आम्ही त्याला बिले देणे म्हणतो. चढणारा घसरला तर त्याचा जीव खालच्याच्या एका हातावर असतो, आणि तो हात दोरावरून क्षणभरही काढायचा नाही हा पहिला धडा. दोन वर्षांपूर्वी तैलबैल्याला मी बिले देत होतो. गावातला एक तांबूस कुत्रा सकाळपासून मागे होता, कारण न्याहारीच्या वेळी आमच्यापैकीच एकाने त्याला पोळी घातली होती. खिंडीत येऊन तो खुशाल दोराच्या वेटोळ्यावर झोपला. मित्र तीसेक फूट वर गेला असेल. वरून वानरे ओरडली, कुत्रा ताडकन उठला आणि त्याचा मागचा पाय दोरात अडकला. तो केकाटू लागला तसा मी वाकलो आणि पाय सोडवला. सोडवून झाल्यावर लक्षात आले की त्यासाठी मी दोन्ही हात वापरले होते. मित्र घसरला नाही. तो वरून “दोर दे” म्हणाला आणि मी दिला. ही गोष्ट मी त्याला त्या दिवशी सांगितली नाही, महिन्याभराने सांगितली.

तेव्हापासून माझे मत असे की बिले देणाऱ्याकडे कुत्रा कधीही सोपवू नये, आणि त्याच्या कमरेला तर मुळीच बांधू नये. कुत्र्यासाठी वेगळा माणूस हवा. तो नसेल तर कुत्रा घरीच राहावा.

त्याला झाडाला बांधून सगळ्यांनी वर जायचे, हा उपाय त्याहून वाईट. सह्याद्रीचा कातळ जागोजाग ठिसूळ, वरून दगड येतात. आपल्या डोक्यावर शिरस्त्राण असते, त्याच्या नसते. कड्यांच्या कपारीत आग्यामोहळे असतात. माश्या उठल्या तर माणूस पळतो, चादर पांघरून पडतो. बांधलेले जनावर जागच्या जागी मरते. शिवाय ऊन. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो. त्याचे नेहमीचे तापमानच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट. १०४ च्या वर गेले की धोका. फेब्रुवारीनंतर काळ्या कातळावर आपल्या हाताची मागची बाजू टेकवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसवत नाही.

दुसरी गोष्ट उतरणीची. मागच्या पायांच्या जोरावर कुत्रा एखाद्या टप्प्यावर सहज उडी घेतो, पण उतरताना सगळे वजन पुढच्या पायांवर येते आणि तो तिथेच अडकतो. अशा वेळी गळपट्ट्याला दोर लावून त्याला सोडू नये, फास बसतो. छाती-पोटाभोवती पट्टे घेऊन, तोंड फडक्याने सैल बांधून, माणसाने बरोबर राहून उतरवावे. भेदरलेला ओळखीचा कुत्राही चावतो, आणि गावातल्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली असेलच असे नाही. चावा लागल्यास जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा, मोहीम अर्धी राहिली तरी चालेल.

रानाचाही प्रश्न आहे. बिबट्याला कुत्रा हे सोपे भक्ष्य. उलट बाजूने, कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर हा रोग रानातल्या जनावरांनाही होतो; २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, त्यांपैकी काहींत याच रोगाचे विषाणू सापडले. कॅलिफोर्नियातील जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान प्रस्तरारोहकांचे आवडते ठिकाण. तिथे कुत्र्याची दोरी सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही, आणि रस्ता वा तळ यांपासून शंभर फुटांपलीकडे त्याला नेता येत नाही. म्हणजे बहुतेक खडकांपाशी तो पोहोचतच नाही. कडक वाटतो खरा, पण नियम स्पष्ट आहे.

आपल्याकडे असा नियम केला तरी गावच्या कुत्र्याला तो कोण वाचून दाखवणार? त्याला आणणारी आपली पोळी असते. म्हणून आमच्या मंडळाने यंदा एवढेच ठरवले की चढताना काही घालायचे नाही. परत गावात आल्यावर, ज्याच्या अंगणातला असेल त्याला विचारून, घालायचे. डिसेंबरात तैलबैल्याला गेलो तेव्हा तांबूस कुत्रा शेवटच्या घरापर्यंत आला, थोडा वेळ उभा राहिला आणि मागे फिरला. संध्याकाळी उतरलो तेव्हा तो त्याच घराच्या ओट्यावर होता. घरच्या आजींनी आधी आम्हाला चहा दिला, मग म्हणाल्या, “आता घाला त्याला काय घालायचं ते.”